पवनीचा निरोप अड्याळला पोचत नाही

पवनी, गुरुवार

ती. गोदावरीबाईंना सुशीलाचा नमस्कार (नणंद, नात्याने मोठ्या आहात म्हणून; याहून जास्त अर्थ काढू नये).

गुडघे कसे आहेत? माझे चांगले आहेत, पण ते वाचून तुम्हाला आनंद व्हायचा नाही, म्हणून विस्तार करत नाही. तुमच्या अड्याळची धानाची कापणी आटोपली असेल. तुमच्या लेकाच्या, निकेशच्या साक्षगंधाला मी राबून केलेली भाजी चाखून तुम्ही भर पंगतीत, "काहून वो वहिनी, मीठ इंग्रजीत टाकलं का? लागूनच नाही राह्यलं!" असं माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणावरून विचारलंत, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. आजही मी बोलत नाही, लिहिते आहे. विषय तुमच्या भाचीचा आहे.

तृप्ती महिनाभरापासून पुण्याहून इथे येऊन घरून काम करते आहे. तिचं काम असं: नात्यांचं जाळं फार मोठं झालं की एका कॉम्प्युटरला झेपत नाही. अनेकांत वाटून द्यावं लागतं. असं वाटप करणाऱ्या यंत्रणा (फुकट मिळतात, कुणीही उघडून आत डोकावावं) पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीशी बोलायची पद्धत निराळी. म्हणजे तीन सुनांच्या तीन स्वयंपाकघरांत मिठाचा डबा तीन ठिकाणी. तृप्तीने त्या यंत्रणांतल्या तिघींसाठी एकच पद्धत बांधली आहे: प्रोग्राम एकदाच लिहायचा, तो तिन्हींकडे चालला पाहिजे. सोमवारी साहेबांपुढे चालवून दाखवायचा. नाही चालला, तर हे काम तिच्याकडून काढून घेतील.

परीक्षेसाठी तिने आपलाच गोतावळा घेतला. पवनीची यादी मी दिली (सुवाच्य अक्षरात), अड्याळची तुमच्या निकेशने. प्रत्येक माणूस फक्त आपल्या नातलगाला निरोप देतो, तो त्याच्या नातलगाला. सगळ्यांना पोचला की कुटुंब एक. आणि निकाल काय? तिन्ही यंत्रणा एका सुरात म्हणाल्या, पवनीचा अड्याळशी काहीएक संबंध नाही! चारशे नावं कोण वाचतं. तृप्तीला चोर वाटला तो आपलाच प्रोग्राम. पंधरा दिवस धड जेवत नाही, तेच ते उकरत बसते. मी त्या तिघींचा तोंडभर उद्धार केला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी असल्यांना बाकावर उभं केलं असतं, हेही ऐकवलं.

कळावे (कळायचं ते खाली आहे).

तुमची वहिनी,
सुशीला

ता. क. यादीत तुमचं नाव मी घातलं नव्हतं. विसरले नव्हते; घातलं नव्हतं. काल तृप्तीचं ताट तिसऱ्यांदा तसंच परत आलं, तेव्हा कबूल केलं. तिने यादी उघडून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर होता. आई, तू बाकावर उभी राहा."

ता. क. २. आता तुमचं नाव घातलं आहे. इथून निरोप जातो, पण तिथून परत येत नाही, कारण नातं दोन्हीकडून लिहावं लागतं, आणि निकेशच्या यादीत तुमच्या नावापुढे माहेरची जागा कोरी आहे. (हे त्याला सुचणारं नव्हे. तुम्हीच सांगितलं असणार.) तृप्ती स्वतःच भरायला निघाली होती, मी हात धरला. दुसऱ्याच्या वतीने नातं लिहायचं नसतं. तेव्हा सोमवारच्या आत तेवढं माहेर लिहून पाठवा. फोन केलात तरी चालेल. मी उचलीन.

ता. क. ३. भाजीत मीठ नव्हतं. हे फक्त तुम्हाला कळवते आहे. पुढच्या नातलगाला निरोप देऊ नये.