साहेबांना काही येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांनी आज बूट काढायच्या आधीच सांगून टाकलं — मदतनिसांचे तास कापायचं चाललंय. अजून नुसता प्रस्ताव आहे म्हणे. प्रस्ताव! म्हणजे सुरी दाखवून झाली, चालवायची तेवढी बाकी.

लॉन्ड्रीत उशिरा पोचले आणि पहिल्याच शर्टाची कॉलर करपवली. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय तुमचं?" काय सांगू? घरी मास्तर आहेत म्हणून मी इथे इस्त्रीपाशी उभी आहे, एवढंच. सकाळी ते येतात, संध्याकाळी मी परतले की जातात. साहेबांचे मदतनीस तेच, पगार सरकारच्या अपंग सहाय्यातून. ते नसले तर साहेबांना आंघोळ कोण घालणार? झटका आला की कुशीवर कोण वळवणार? साहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ, पण वजनात आईच्या दुप्पट. आईच्या कमरेने कधीच हात टेकलेत.

आईला अजून बोलले नाही. संध्याकाळी आले तर ती पुसलेलाच ओटा परत पुसत होती.

४ फेब्रुवारी

तिला कळलंच होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

अपंग सहाय्याच्या केंद्रावर सभा. साहेबांसारख्या सगळ्यांचे आईबाप, माझ्यासारख्या दोनचार बहिणी. व्यासपीठावरचा माणूस फार गोड बोलत होता. प्रत्येकाच्या घरी तपासणी होणार. ज्याला स्वतःचं स्वतः बऱ्यापैकी जमतं त्याला आठवड्यातून दोनच दिवस मदतनीस. ज्याला जमत नाही त्याचं चालू राहील. पुढे आणखी काहीतरी सांगत होता, पण तोवर हॉलमध्ये एवढा गलका उठला की कोण ऐकतंय!

जिन्यात जुळ्या मुलींची आई भेटली. ही बाई सगळीकडे असते आणि तिला सगळं ठाऊक असतं. माझं कोपर धरून म्हणाली, "तपासणीच्या बाई घरी आल्या की चांगला दिवस दाखवायचा नाही. आमच्या ओळखीतल्या एकीने कौतुकाने पोराला बुटाची नाडी बांधून दाखवायला लावली. झालं. गेले तास."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच — पाव.

१० फेब्रुवारी

आमचे साहेब रोज सकाळी एकटे जाऊन पाव आणतात. कोपऱ्यावरची बेकरी, मधे एक रस्ता. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं! जन्मताना नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली, डावा हात अर्धा लुळा, डोकं सावकाश चालणारं — असा माणूस तो रस्ता ओलांडतो. आई पहिल्या दिवशी देवापुढे नाही, खिडकीपुढे बसली होती. तो पाव छातीशी धरून परत आला. वाटेत भेटेल त्याला कपाळाला हात लावून सलाम. ही त्याची जुनी सवय, म्हणून तर साहेब.

मास्तरांनी ते शिकवलं कसं, ते त्यांचं त्यांनाच माहीत. कारण साहेबांना एकदा नियम सांगितला की सांगितला. लहानपणी आई म्हणाली होती, ओल्या फरशीवर पाय टाकायचा नाही. अजून फरशी पुसली की बसला पलंगावर पाय वर घेऊन, कितीही बोलवा. मास्तरांनी सांगितलं, गाडी दिसली की थांबायचं — तर हा उभ्या केलेल्या गाडीपुढेही थांबला! मालक येऊन गाडी घेऊन जाईपर्यंत. मास्तर म्हणाले होते, "ताई, याला नियम घालायला एक दिवस पुरतो. काढायला जन्म जातो." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

१२ फेब्रुवारी

मास्तरांशी भांडण. मी सांगितलं, तपासणी होईपर्यंत पाव बंद, आणि बाईंसमोर साहेबांना काही येत नाही.

"येतं त्याला येत नाही म्हणायचं?"

"हो."

"मग एवढे दिवस मी इथे काय केलं, ताई?"

मी म्हटलं, तुमचीच नोकरी वाचवतेय. ते साहेबांची नखं कापायला बसले. मी बोलले ते बोलले, आता गिळता येत नाही. पण चुकलं काय माझं? दोन दिवसांत काय होणार? उरलेल्या दिवसांत आई त्याला उचलणार का? की मी काम सोडू? काम सोडलं तर खायचं काय, माझी अक्कल?

१४ फेब्रुवारी

शिकवणी सुरू. "साहेब, बाई येतील. विचारतील, पाव आणता येतो का? काय म्हणायचं?"

"येतो की!"

"नाही. म्हणायचं, येत नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग मी त्याचे दोन्ही हात धरले, आई जसा नियम सांगते तशा आवाजात सांगितलं — बाहेरच्या माणसाला दाखवायचं नाही. सांगायचं नाही. कधीच नाही. त्याचं हसू गेलं. मान हलवली. आत आईने पातेलं आपटलं.

२० फेब्रुवारी

सकाळी पिशवी घेऊन दाराशी बसतो. मी नाही म्हटलं की पिशवी घडी घालून मांडीवर ठेवतो. बेकरीवाल्याने मला हटकलं, "साहेब दिसले नाहीत, बरं नाही का?" हो म्हटलं. त्याने एक जास्तीचा पाव दिला. तो घेऊन चालताना रडू आलं मला, भर रस्त्यात.

४ मार्च, मंगळवार

आल्या बाई. मी मनात एक खाष्ट बाई उभी केली होती. ही तर माझ्या वयाची, पायाला घट्टा पडलेली, दारातच विचारते, "चप्पल कुठे काढू?" आईला एकदम आवडली. तेच नको होतं.

साहेबांनी सलाम केला. मी पायावर पाय दिला. मग पुढे एकदम शहाण्यासारखा, म्हणजे ठरल्यासारखा.

शर्ट घालता येतो? येत नाही. ग्लास धरता येतो? येत नाही. बाहेर जाता येतं? येत नाही. बाईंनी पाणी पुढे केलं तर त्याने हात मांडीखाली घातले. तहान लागली असणार, सकाळपासून काही प्यायला नव्हता. मी ग्लास तोंडाला लावला. बाई म्हणाल्या, "ही कोण?" त्याने माझ्याकडे पाहिलं. घाबरला. "येत नाही," म्हणाला.

मास्तर उठून गॅलरीत गेले.

बाईंनी आईला विचारलं, "आजी, तुमच्याने उचलवतो?" आई खरं बोलली. नाही म्हणाली, आणि रडली. ते मात्र शिकवलेलं नव्हतं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही फार केलंत. आता तुमच्यावरचं ओझं कमी व्हायला हवं." वाटलं, जिंकलो!

५ मार्च

साहेब काल संध्याकाळपासून माझ्याशी फार लाडात. शाबासकी हवी असते अशा वेळी. दिली.

२१ मार्च, शुक्रवार

सहाय्याच्या ऑफिसातून लॉन्ड्रीवर फोन. तास कापले नाहीत.

तास बंदच केले.

तिसरा गट होता. ज्यांना काहीच येत नाही आणि घरची माणसं थकलेली, त्यांच्यासाठी घरी मदतनीस ठेवणं सरकारला परवडत नाही, त्यांना संस्थेत जागा. फोनवरचा मुलगा अभिनंदन केल्यासारखा बोलत होता — "जागा लगेच मिळतेय, मॅडम, लोक रांगेत असतात." सभेत तो माणूस हेच सांगत असणार. आणि आम्ही कोकलत बसलो.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. इस्त्रीची वाफ अंगावर येत होती, मालकांनी बटण बंद केलं. आज पहिल्यांदा त्यांनी मला खुर्ची दिली.

२२ मार्च

आई म्हणते, "माझ्यामुळे. मी रडले नसते तर." नाही गं आई. तू एकटीच खरी वागलीस.

वाटलं होतं, मास्तर आता ऐकवतील — सांगत नव्हतो का, ताई? तर नेहमीसारखे आले, त्याला आंघोळ घातली. बाथरूममधून दोघांचं हसणं ऐकू येत होतं.

२९ मार्च

संस्था पाहिली. वाईट म्हणावं असं काही सापडलं नाही, तेच जास्त झोंबलं. स्वच्छ आहे. एका खोलीत सहा खाटा, भिंतीला निळा पट्टा, सगळ्यांच्या गोळ्या एकाच ट्रॉलीवर. फाटक बंद असतं. घरापासून दोन बस. आठवड्यातून एकदा भेटायचं.

साहेबांनी फाटकावरच्या माणसापासून सगळ्यांना सलाम केले. खाटा बघितल्या. मग मला विचारलं, "मास्तर कुठे झोपणार?"

मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

परत येताना बसमध्ये त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढं मोठं डोकं. खांदा अजून दुखतोय आणि दुखू दे.

२ एप्रिल

एक वाट आहे! मास्तरांनी ऑफिसात चपला झिजवून काढली. फेरतपासणी मागता येते, एकदाच. त्याला थोडंफार येतं असं दिसलं तर पहिला गट, दोन दिवस मदतनीस. दोन दिवस! जे मी लाथाडायला निघाले होते त्यासाठीच आता पाया पडतेय. उरलेल्या दिवसांत मास्तर म्हणतात, "मी येऊन जाईन अधूनमधून." त्यांचं स्वतःचं घर आहे, बायको आहे. मी म्हटलं, असं कसं चालेल? तर म्हणाले, "चालेल तेवढं चालेल." मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हातानेच, राहू द्या, असं केलं.

मी लॉन्ड्रीत अर्ध्या दिवसाचं विचारलं. मालक बघू म्हणाले. बघतील.

८ एप्रिल

गेला! पिशवी हातात दिली, म्हटलं, साहेब, पाव संपलाय. एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग निघालाच. मी आणि आई खिडकीत, मास्तर लांब फळवाल्याच्या आडोशाला. गाडी आली, थांबला. गेली, ओलांडला. बेकरीवाला काउंटर सोडून बाहेर आला आणि त्यानेच आधी सलाम ठोकला.

विसरलेला नाही. काही विसरलेला नाही. आईने त्या पावाचा पहिला तुकडा तोडून माझ्या तोंडात घातला, लहान असल्यासारखा. किती दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

१० एप्रिल

आजही गेला. शर्टही स्वतः घातला, बटणं वरखाली. त्याला पुनःपुन्हा सांगतेय — आता बाईंना दाखवायचं हं, साहेब. आता दाखवायचं. मान हलवतो.

१६ एप्रिल, बुधवार

बाई येऊन गेल्या. हात मांडीखाली. सगळ्याला येत नाही. पिशवी दिली ती खाली पडू दिली. मी विनवलं, मास्तरांनी विनवलं, आई तर हात जोडून. बाई बिचाऱ्या वाट बघत बसल्या, शेवटी उठल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

दार लागल्यावर तो माझ्या जवळ येऊन बसला. कानाशी तोंड आणून म्हणाला, "ताई, नाही दाखवलं. कितीदा विचारलं तरी नाही."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

म्हटलं, शाबास.