कनातीपलीकडचं हसू

अहो,

मी शेजारच्या गोजराबाईंबरोबर सातपाटीला सुके बोंबील आणायला जातेय, संध्याकाळी येईन. कालवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

काल तुम्ही तारापूरच्या कामावर ओव्हरटाइम आहे म्हणालात, मी देवळात भजन आहे म्हणाले, आणि दोघंही जाऊन बसलो तंबूत, त्या हेराच्या सिनेमाला! बायका-पुरुषांमध्ये कनात होती म्हणून वाचलात.

सिनेमा झकास आहे. तो हेर मासळीच्या टोपलीत लपतो आणि मांजरं त्याच्या मागे लागतात, तिथे हसून हसून माझं पोट दुखलं. पण खोटी मिशी लावली म्हणून बायको त्याला ओळखत नाही, हे काही पटलं नाही. मी तर तुम्हाला न बघता, नुसत्या हसण्यावरून ओळखलं. गोजराबाई म्हणाल्या, "कोण हो हा एवढा खिदळतोय?" मी म्हटलं, "कोण जाणे!"

थापेचं मला काही नाही, थाप मीही मारली. पण इतकं मोकळं हसताना तुम्हाला मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलंच नव्हतं. घरी ताटाकडे बघत नुसतं "हं" म्हणता. ते हसू घरी का येत नाही, एवढं मी आल्यावर सांगा. आणि परत "हं" म्हणालात तर बघा.

मंदा