पुलापासून तळ्यापर्यंत

प्रिय फिंटन,

दोन मैलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवते म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं पोस्टातली नोरीन नक्की म्हणणार. म्हणू दे. तिला प्रत्येकाबद्दल काहीतरी म्हटल्याशिवाय फेरी पुरी केल्यासारखं वाटतच नाही. तुझ्याकडे मी दोनदा चालत येऊन गेले, आणि दोन्ही वेळा तुला नेमकं तेव्हाच मेंढ्यांकडे जायचं होतं. तू माझ्या भिंतीशी दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं सरपण रचून जातोस, अगदी नीट, मोठी ढेकळं खाली आणि लहान वर, पण दार काही वाजवत नाहीस. म्हणून मग कागद घेतला. स्वयंपाकघरात बसले आहे, चहा गार होऊन गेला आहे आणि समोर खिडकीतून रस्ता दिसतो आहे.

आधी बातमी सांगते. सोमवारी पोलिसांचा माणूस आला होता. कोलमच्या सायकलला धडक देऊन न थांबता गेलेली गाडी त्यांना अजून सापडलेली नाही, आणि बोलण्यावरून वाटलं की आता ते फारसं शोधतही नाहीत. ‘बाहेरगावची असणार हो, समुद्र बघायला आलेलं कुणीतरी. धुक्यात त्याला कळलंही नसेल,’ म्हणाला. पोरगा चांगला आहे, गाजराचा केक त्याने जवळजवळ सगळा संपवला. बाहेरगावची गाडी म्हटलं की गावाला बरं वाटतं. मलाही वाटायचं. नवरा गेला तो गेला, निदान ओळखीच्या हातून तरी नाही गेला, अशी मनाची समजूत घालत हिवाळा काढला.

कोलम इथे आला तेव्हा तू त्याची किती टर उडवली होतीस ते आठवतं का? तो शहरातला. तिथे अनोळखी माणसाला हात केला तर तो आपलं पाकीट चाचपतो. इथे पहिल्याच सकाळी सायकलवरून गावात गेला आणि परत येऊन मला विचारतो, ‘उना, हे सगळे मला ओळखतात कसे?’ त्याला सगळं शिकवलंस ते तूच. गाडी चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, जास्त उचललं तर काहीतरी विकायला आलाय असं वाटतं. ट्रॅक्टरवाल्याने नुसती हनुवटी हलवायची. सायकलवाल्याने मान, धावणाऱ्याने तळवा. चढावर दमलेल्याला माफ. आणि पाठीमागून येत असलास तर आधी तोंडाने काहीतरी बोलायचं, मग पुढे जायचं, म्हणजे समोरचा दचकून खड्ड्यात जात नाही. हे सगळं शिकवणारा तू स्वतः मात्र लहानपणापासून अख्खा हात वर करायचास, बोटीवरून निरोप दिल्यासारखा. ‘तुझा भाऊ कंजूष नाही, पाचही बोटं देतो,’ कोलम म्हणायचा.

नवशिक्यासारखा तो मग आपल्यापेक्षा कट्टर झाला. रविवारी ती शहरातली सायकलवाली टोळी यायची ना, चकचकीत कपड्यांतली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत जाणारी. त्यांच्यातला एकही मान हलवायचा नाही. कोलम घरी येऊन धुसफुसायचा. एकदा तर त्यांच्या मागे ओरडला होता, ‘अहो साहेब, मी दिसलो का तुम्हाला?’ मी हसले तर माझ्यावरच चिडला. म्हणाला, ‘यात प्रेम नाही की मैत्री नाही. मी तुला पाहिलं, एवढंच सांगायचं असतं. ज्याने पाहिलं तो सांभाळून जातो.’ ते मी तेव्हा कानाआड केलं, कारण बटाटे करपत होते.

तो गेल्यापासून सकाळी घरात मला बसवत नाही. म्हणून मी पळायला लागले. या वयात, हे गुडघे घेऊन. नोरीनने सगळ्या गावाला सांगितलं असेलच. लोक माझ्याजवळ गाडी हळू करतात, बोट उचलतात, काही जण टोपीही काढतात. पुलापर्यंत सगळं ठीक असतं. पूल ओलांडला की माझ्या मागे सायकलच्या चाकाची टिकटिक सुरू होते. पायडल न मारता सायकल सोडून दिली की येते तीच. मी कडेला सरकते, वाट देते. टिकटिक जवळ येते, माझ्या खांद्यापाशी येते, आणि तिथेच राहते. पुढे काही जात नाही. तळ्यापर्यंत तशीच सोबत असते आणि मग थांबते. आधी मी म्हणायचे, वारा असेल. मग म्हणाले, ये बाबा, जा पुढे. तो जात नाही. मला भीती वाटते, फिंटन, आणि ज्या दिवशी आवाज येत नाही त्या दिवशी जास्त वाटते.

हे मी फक्त पेग म्हातारीला सांगितलं, तिचं घर पुलालाच लागून आहे म्हणून. मला वाटलं, ती डॉक्टरकडे जा म्हणेल. ती म्हणाली, ‘पोरी, रस्त्यावर कुणी सामोरं आलं तर हात करायचा. जिवंत आहे की मेलेला, हे बघत बसायचं नाही.’ तेव्हापासून रिकाम्या रस्त्याला मी तळवा दाखवते. बघणारा हसेल तर हसू दे.

आणि मग तिनेच विचारलं, ‘पण तुझ्या भावाला पुलापासून तळ्यापर्यंत काय होतं ग?’ मला कळेना. ती म्हणाली, ‘गावाकडून येतो तेव्हा माझ्या कुत्र्यालाही हात करतो. पूल आला की दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. काल नोरीन समोरून आली, चक्क गाडी थांबवून हात केला तिने. हा आंधळ्यासारखा निघून गेला. तळ्यापाशी पोचला की पुन्हा आपला हात वर.’ मी तिच्यावर तडकले. म्हटलं, माझ्या नवऱ्याला त्याने खांदा दिला, शवपेटीची पुढची बाजू त्याच्या खांद्यावर होती, कोलम पडला तो रस्त्याचा तुकडा त्याला सोसवत नाही एवढंच. पेग म्हणाली, ‘असेल बाई. सोसवत नाही, हे मलाही दिसतं.’ आणि तिने माझ्यापुढे सोडाब्रेडची ताटली सरकवली.

त्यानंतर मी बघायला लागले. बघायचं नव्हतं, पण नजर जायची. आई गेली तेव्हा तू पायात पाय अडकून पडण्याच्या वयाचा होतास, तुला मी वाढवलं. तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात हे मला माहीत आहे, आणि गाडीच्या काचेतून कान दिसत नाहीत. हात दिसतात. मी तळवा दाखवला, तू समोर बघत गेलास. पुन्हा दाखवला, पुन्हा गेलास.

आणि गेल्या गुरुवारी थंडी होती म्हणून मी कोलमचं जुनं पिवळं जॅकेट घालून निघाले. हेल्मेटही त्याचंच घातलं, कानाला वारा लागत होता म्हणून, हसू नकोस. धुकं होतं. पुलापुढच्या वळणावर मागून तुझी गाडी आली. आवाजावरून ओळखली मी. तू वेग इतका कमी केलास की इंजिन बंद पडतंय का असं वाटलं, आणि मला जागा द्यायला गाडी पार पलीकडे घेतलीस, चाकं दलदलीत रुतायची राहिली. एवढी जागा एका बाईला कुणी देत नाही, फिंटन. माझ्या बाजूला आलास आणि अख्खा हात वर केलास. पाचही बोटं. ओठ हलत होते तुझे. मग मी वळले, माझं तोंड तुला दिसलं आणि तुझा हात हवेतच राहिला. त्या वेळचा तुझा चेहरा मी आता रोज बघते. तू मला हात केलाच नव्हतास.

घरी आले आणि बराच वेळ बूट काढले नाहीत. मेंढ्याने शिंग मारून फोडला म्हणालास तो गाडीचा डावीकडचा आरसा आठवला. कोलम गेला त्याच आठवड्यात तू मला तसं म्हणालास आणि मी तुलाच मलम दिलं होतं, काच लागली असेल म्हणून. तुझ्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं मी स्वतःशी बोलून झाले आहे. धुकं होतं. धुक्यातून सूर्य डोळ्यांवर आला असेल. मेंढी वाटली असेल. फांदी वाटली असेल. मग माझ्याच कानात डॉक्टरांचं बोलणं येतं, जे मी तुला आजवर सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. कोलम लगेच गेला नाही. चरात पडल्यावर तो बराच वेळ जिवंत होता. त्याने चिखलात हाताने ओरखडे काढले होते.

म्हणून हे पत्र, माझ्या बाळा. तुला तुरुंगात टाकायला नाही, तिथे तू जाशील आणि मी दर आठवड्याला भेटायला येईन, केक घेऊन. मला एवढंच कळायला हवं, आणि ते सांगणारा या जगात दुसरा कुणी नाही: तू उतरला होतास का? उतरला असशील तर तो काय म्हणाला? माझं नाव घेतलं का? आणि नसशील उतरला, तर तेही तुझ्याच तोंडून ऐकू दे, म्हणजे मला रोज सकाळी वेगवेगळं रचावं लागणार नाही. शनिवारी बाजाराला जाताना तू याच रस्त्याने येशील. मी वळणावर उभी असेन, पळणार नाही, माझ्याच साध्या कोटात. तू निघून गेलास तर मी पोलिसांकडे एकटी जाईन आणि घरी येऊन तुझ्यासाठी रडेन, दोन्ही करीन. पण हात नको करूस, फिंटन. बोटही नको. या वेळी गाडी थांबव.

काही झालं तरी तुझीच,
उना