कोण होता हा रणधीर?

कळंब, बुधवार

प्रिय शिवानंदा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. परवा सोमवारी तू नळदुर्गहून शेंगाचटणीचा जो डबा आणलास, त्याच्यावर नाव कोरलंय 'नीलम्मा' आणि झाकणावर 'उमादेवी'. वहिनींच्या डब्याला त्यांच्या जावेचं झाकण! ते अर्थातच बसत नाही. काल कॉलेजला निघताना डबा उचलला, तर झाकण हातात आणि चटणी सदऱ्यावर. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला पोटावर लाल डाग घेऊन वर्गात उभं राहावं लागलं. या अपराधाला कुठल्याच शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेलं नाही, मी शोधलं. तर झाकण परत पाठवतोय. आमच्या कॉलेजचे रेवणसिद्धअप्पा उद्या सकाळच्या एसटीनं तुमच्याकडं येतायत, त्यांच्याच हाती हे पत्रही. फोनवर हे जमणार नाही. कालपासून दोनदा लावला, दोनदा तू 'बोल की गुरू' म्हणालास, आणि मी सोयाबीनचा भाव विचारून ठेवून दिला. मला सोयाबीनशी काय करायचंय?

तुझ्या गायत्रीचा पुण्याचा कॉम्प्युटरचा प्रवेश शनिवारपर्यंत पक्का करायचाय आणि तू नाही म्हणून बसलायस. त्यापायी मला थेट आपल्या 'मुक्तप्रणाली'पर्यंत मागं जावं लागतंय. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीचं वेड लागलेल्या त्रेचाळीस जणांचा आपला ईमेल-गट. एकानं पत्र टाकलं की सगळ्यांना जायचं. गायत्रीला सांगायचं तर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपच, फक्त 'शुभ सकाळ' नसलेला. कळंबात तेव्हा इंटरनेटचं एकच दुकान. मी घरी पत्र लिहून फ्लॉपीवर घ्यायचो आणि सायकल मारत तिथं जायचो. खड्डा लागला की अक्षरं सांडतील असं वाटायचं. गटाचा नियंत्रक मी. कुणाला आत घ्यायचं, कुणाचं पत्र पुढं सोडायचं, हे माझ्या हातात. एवढ्याशा अधिकारानं माणूस किती फुगतो, ते मला तेव्हाच आरशात दिसायला हवं होतं.

मग तू ते टिपण लिहिलंस. जुन्या मशीनवर लिनक्स कसं बसवायचं, तेही तुझ्या आडतीवर गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. 'आता पडदा काळा हुईल. घाबरायचं न्हाय. च्या पिऊन या.' मला अजून पाठ आहे. परभणीकडच्या एका मास्तरांनी ते समोर ठेवून शाळेतली धूळ खात पडलेली चार मशीनं चालू केली. दोन दिवसांत सतरा जणांची आभाराची पत्रं. त्याच आठवड्यात मीही बारा पानांचा निबंध टाकला होता, 'संगणक-प्रणालीचे तत्त्वचिंतन'. त्याला एकच उत्तर आलं, आणि तेही तुझं: 'लई भारी लिवलंय गुरू. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून काय कळलं ते सांगतो.' तू मनापासून लिहिलं होतंस. मला मात्र ते झोंबलं.

त्यानंतर चार दिवसांनी गटात रणधीर आला. परदेशातल्या मोठ्या कंपनीत अभियंता, अशी त्यानं ओळख दिली. पहिलंच पत्र तुझ्यावर. मशीन म्हणजे ज्वारीचं पोतं नव्हे. ज्याला सिद्धान्त ठाऊक नाही त्यानं दुसऱ्याला शिकवू नये. तुमच्यासारख्यांचं हे काम नव्हे, आडत सांभाळा. मग नियंत्रक या नात्यानं मी निवाडा दिला: 'रणधीररावांची भाषा कठोर आहे, परंतु मुद्दा विचारार्ह आहे.'

शिवानंदा, रणधीर मीच होतो. त्याच्या नावाचा नवा पत्ता मी त्याच दुकानात उघडला. त्याचं पत्र आणि माझा निवाडा, दोन्ही एकाच फ्लॉपीवरून, एकाच खुर्चीत बसून पाठवली. मधे फक्त चहा प्यायलो. दोन्ही पत्रांच्या माथ्यावर त्या दुकानाच्या जोडणीचा एकच आकडा उमटला होता. कुणीही उघडून पाहिलं असतं तर मी सापडलो असतो. कुणी पाहिलं नाही. नियंत्रकावर कोण संशय घेणार?

मला वाटलं, तू भांडशील. रणधीरची पुढची दोन उत्तरंसुद्धा मी लिहून ठेवली होती, चांगली तिखट. तुझी आली एक ओळ: 'चुकलं माझं. नाव काढून टाका.' आयुष्यात पहिल्यांदा तू मला अहोजाहो केलंस. आणि मी गटातून तुझं नाव काढलं. पुढं सहा महिन्यांत गट बंद पडला. लोक प्रश्न विचारायचे आणि मी तत्त्वचिंतन पाठवायचो, दुसरं काय होणार होतं?

सांगायला जागा कमी नव्हत्या. तुझ्या लग्नात होतो. येडशीला उतरून आपण रामलिंगला गेलो, माकडानं तुझ्या हातातला नारळ पळवला आणि तू हसत खाली बसलास, तेव्हा तर शब्द ओठावर आले होते. मी नारळावर एक श्लोक रचून दाखवला. दर वर्षी वहिनींची चटणी येत राहिली आणि मी ती खात राहिलो.

आणि परवा तू खिशातून तो कागद काढलास. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. रणधीरचं पत्र तू छापून जपून ठेवलं होतंस! ते सोबत आलेल्या गायत्रीच्या हातात देऊन म्हणालास, 'वाच पोरी. जाणत्या माणसानं वेळेवर सांगितलं म्हणून तुझा बाप वाचला. आपलं काम न्हाय ते.' तिनं शांतपणे वाचलं आणि माझ्याकडं वळली. 'काका, तुम्ही प्रमुख होता ना? कोण होता हा रणधीर?' मी म्हणालो, 'होता एक परदेशातला.' 'लई हुशार होता?' 'बरा होता.' एवढं बोलून मी डब्याचं झाकण लावत बसलो. ते बसत नव्हतं हे बरंच झालं. मान वर करावी लागली नाही. पहिल्या वेळी मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, पोरपण म्हणून स्वतःला समजावत आलो. परवा एक्कावन्नचा होतो.

म्हणून हे पत्र. तो कागद फाडू नकोस. त्याच्या खाली माझं नाव लिही आणि गायत्रीला परत वाचायला दे, शनिवारच्या आत. माझ्याशी बोलणं टाकलंस तर ते मी सोसेन. सवय नाही, होईल. मला भीती वाटते ती वेगळीच. तेवीस वर्षं तू ते वाक्य खिशाशी बाळगलंस. आता सगळं कळल्यावरही तू म्हणशील, माणूस खोटा निघाला पण बोलला ते खरंच होतं. आणि पोरीला पाठवणार नाहीस.

तुझाच, दोन्ही नावांनी,
गुरुलिंग