चार नंबरची प्रेस

रुद्रपूर,
दसऱ्यानंतरचा रविवार, २००९

प्रिय दादा,

मशीन काय मी डोक्यावर उचलून आणली व्हय? पोळ्याला घरी आलो, तर मायच्या पुढं, वहिनीच्या पुढं तू म्हणलास, ह्यानं माझी भाकर ट्रेलरवर घालून नेली. अन् ताटावरून उठून गेलास. मी तेव्हा बोललो नाय, कारण मध्ये माय बसली होती. पण कन्नडहून एसटीत बसल्यापासून इथं येईपर्यंत मी तुझ्याशी भांडतच आलो. फोन तू घेत नाहीस. वहिनी म्हणते, झोपलेत. भर दुपारी झोपणारा माणूस तू नाहीस, एवढं मला कळतं. म्हणून लिहायला बसलो. सातवी नापासाचं अक्षर आहे, लावून वाच.

तीन वर्षांमागं तुम्ही सगळे परमनंटवाले वाळूजच्या कंपनीच्या गेटवर मांडव टाकून बसला होता, की मशीन बाहेर जाऊ देणार नाय. पोलीस आले, तुम्हाला गाडीत घातलं, अन् ट्रेलर निघाले. त्यातल्या एका ट्रेलरवर मी हमाल होतो अन् पोलिसांच्या गाडीतून तू मला बघितलंस, हे खरं. पण मी नसतो तर दुसरा असता. तू त्या कंपनीत पंधरा वर्षं पत्रे दाबले. मला त्या गेटच्या आत कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तुझ्या वशिल्यानं दोनदा अर्ज केला, दोनदा म्हणले, भरती बंद आहे. मी औरंगपुऱ्यात दुकानांपुढं कापडाचे गठ्ठे उतरवायचो. ट्रान्सपोर्टवाला म्हणला, येतो का, खाणंपिणं आमच्याकडं. बसलो. वर ताडपत्री होती. खाली तुझीच चार नंबरची प्रेस आहे ते मला इंदूरच्या पुढं कळलं, दोरी सुटली तेव्हा. प्रेसच्या बुडाशी खोबणीत तुझा भंडारा दिसला. आपल्या सातारा गावच्या खंडोबाचा, पिवळाधमक. त्यानंतर मला जेवण गेलं नाय, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तुला खंडेनवमी आठवते का? मी लहान होतो, तू मला एकदा कंपनीत नेलं होतंस. बाकीच्यांनी मशीनला हार घातले, नारळ फोडले. तू गावाकडून बाबाची मेंढ्या कातरायची कातर आणली होतीस, फडक्यात गुंडाळून. ती प्रेसवर ठेवलीस, भंडारा उधळलास. तुझा सुपरवायझर हसून हसून बेजार. म्हणे, मल्हार, ही प्रेस लोकर काढणार का आता? तू म्हणलास, साहेब, आमच्यात ज्याच्यावर पोट त्याला एका ओळीत बसवतात. मग तोही चप्पल काढून पाया पडला. तेव्हा मला वाटायचं, दादा आता मेंढरामागं नाय, दादा कंपनीत आहे, म्हणजे आपलं घर एका जागी बसलं.

माझ्यावर चिडतोस ते ठीक आहे. पण खरा दोष कुणाचा, हे कुणी विचारलं तर मलाही नीट सांगता येत नाय. वाळूजला कंपनी आली ती सरकारनं टॅक्स माफ केला म्हणून. माफी संपली, तसं मालकाला आपलं गाव परवडेना. इकडं डोंगराखालच्या ह्या नव्या राज्यात, उत्तराखंडात, दहा वर्षांची माफी मिळाली, तर मालक इकडं. चारा दिसंल तिकडं कळप, आपल्यासारखंच. फरक एवढाच, धनगर निघाला तर बायका, पोरं, कोंबड्या, घोडं, म्हातारी माणसं सगळ्यांना घेऊन निघतो. मालक नुसती मशीन घेऊन निघाला.

इथं आलो अन् मशीन उतरवल्यावर ठेकेदार म्हणला, रहा. राहिलो. इथली पोरं बिहारची, पूर्वांचलची. परमनंट कुणीच नाय. आम्हाला कंपनीचा साहेब ओळखत नाय, आम्ही ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणतो तुम्ही कंपनीचे. तुझंही तसंच चाललंय की. गावात रोजगार हमीचं काम मागायला गेलास तर ग्रामसेवक म्हणतो, तू शहरातला. पुंडलिकनगरात खोली आहे म्हणून शहरात विचारावं तर म्हणतात, तू गावचा. रेशनचं कार्ड केशरी, कारण तू कंपनीवाला. कंपनी गेली, कार्ड केशरीच राहिलं. पिवळं करून द्या म्हणलं तर सर्व्हे होईल तेव्हा या. वहिनी चार घरची धुणीभांडी करते ते तू मला सांगितलं नाहीस, मायनं सांगितलं. तू मजुरांच्या अड्ड्यावर उभा राहत नाहीस, म्हणतोस, मी ऑपरेटर आहे, घमेलं उचलणार नाय. मायला त्याचा राग आहे. मला नाय. मला कळतं. पंधरा वर्षं माणसाला एक नाव असलं की ते उतरवून ठेवता येत नाय.

अन् मग तू अजून त्या गेटवर जाऊन बसतोस. इथं माझ्यासंग काम करणारा आपल्याकडचा बन्सी सुट्टीला गेला होता, त्यानं बघितलं. म्हणे मांडव उडून गेलाय, बोर्डावरचं नाव गेलंय, आत बाभळी आल्यात, अन् मल्हारदादा धुतलेला युनिफॉर्म घालून पुलावर बसलेत. युनियनचा रामकिसन तुला सांगतो, लेबर कोर्टात केस उभी आहे, हिशोब घेऊ नका, सही केली की हक्क गेला, कोर्ट मशीन परत आणायला लावणार. तू पोळ्याला हेच म्हणलास. म्हणलास, माझी प्रेस दुसऱ्याच्या हाताला लागणार नाय, ती मला ओळखते, ती परत येणार.

आता ऐक. भांडण राहू दे बाजूला.

ह्या खंडेनवमीला मी प्रेसपाशी गेलो होतो. दरवर्षी जातो, तुला कधी बोललो नाय. इथं विश्वकर्माची पूजा आधीच होऊन जाते, म्हणून खंडेनवमीला मशीनकडं कुणी बघत नाय. मी वहिनीनं बांधून दिलेला भंडारा नेतो, तुझ्या खोबणीत टाकतो, हात जोडतो. ह्या वर्षी गेलो तर प्रेस बंद. मंदीनं अर्धा कारखाना बंदच आहे, अन् वरून चीनची नवी मशीन आलीय. जुन्याला गिऱ्हाईक नाय. ठेकेदार म्हणला, ही भंगारात काढलीय, अखंड निघत नाय, गॅसवर कापायची, कटरवर तुझा हात बसलाय, तूच काप. मी म्हणलं, दुसरं काम द्या. तो म्हणला, दुसरं काम आहे कुठं? दारात बिहारची पोरं उभीच होती.

मी कापली, दादा.

लोखंड मुकाट्यानं तुटतं. पण बुडाशी आलो अन् खोबणीत ज्योत लागली, तर हळद जळाल्याचा वास आला. घरात फोडणी करपते तसा. बिहारी पोरं हसली, म्हणे खाना पक रहा है क्या. मी कापायचा काळा चष्मा काढला नाय. चारचा आकडा असलेली तिची पितळी पट्टी तुझ्यासाठी खिशात घातली होती, ती गेटवर झडतीत काढून घेतली. भंगारसुद्धा मालकाचंच असतं.

तर प्रेस येणार नाय. कोर्टानं सांगितलं तरी नाय. तिचे तुकडे कुठल्या भट्टीत गेले मला माहीत नाय. कंपनीनं सांगितलंय ना, दिवाळीच्या आत सही करील त्याला पूर्ण हिशोब, नंतर अर्धा. रामकिसनला काय सांगायचं ते सांग, माझं नाव घे, मला शिव्या दे, पण जाऊन सही कर. सही करून पुढं काय, हे मला विचारू नको. मलाही कळत नाय. कालपासून ठेकेदारानं आम्हालाही घरी बसवलंय. हिमाचलातलं बद्दी, डेहराडून, पंजाब, ज्याला जे सुचतं ते बोलतोय. मी दिवाळीला येत नाय. मायला सांग काम लई आहे.

ह्या खेपेला पगार नाय. कापायची जी मजुरी वेगळी मिळाली तेवढीच आहे. ती मला खिशात ठेववेना, अन् टाकवेना. ती तुझ्या मशीनची आहे. तुझ्या नावावर मनिऑर्डर केलीय. पोस्टमन आला तर झोपलेत म्हणून सांगायला लावू नको, उठून घे. नऊशे साठ रुपये.

तुझाच,
कडूबा