मल्लव्वाची रजा

मैंदर्गी, तुमच्याच कट्ट्यावर
९ डिसेंबर २०२४, दुपार

सावित्रम्मा अज्जी, शरणु.

अव्वाचा तो अर्ज आण म्हणता, कुठनं आणू? "पुस्तक लिहितोस आणि एक कागद आणवत नाही तुला?" म्हणालात आणि दार लोटून आत बसलात. म्हणून हितंच लिहितोय. चष्मा लावून स्वतः वाचा, नातवाला, गुरुशांतला वाचायला लावू नका.

तुमच्या आईच्या, मल्लव्वाच्या रजेचा अर्ज नाही, अज्जी. कधीच नव्हता. "लेकीला भेटायला चार दिवस मैंदर्गीला जाते" हे वाक्य माझं. दिवाळीत तुम्ही विचारलंत, "सगळी दप्तरं बघितलास की. आमची अव्वा माझ्याकडं यायला निघाली होती का रे, एकदा तरी?" माझ्या तोंडातनं हो निघून गेलं. तुम्ही परत एकदा गव्हाची गोड हुग्गी वाढलीत, मी खाल्ली.

खरं सापडलं ते असं. ती कामाला होती त्या गिरणीच्या पाळणाघराचं हजेरीबुक सोलापुरात एका वाचनालयाच्या माळ्यावर पडलंय. १९४३ पासनं अकरा वर्षं मल्लव्वाची एकही रजा नाही.

तेव्हा बाया पोरांना अफूची गोळी चाटवून कामावर यायच्या. पोर दिवसभर गपगार. मल्लव्वा दारात एकेका पोराचं तोंड हुंगायची. वास आला की मायलेकरांना परत पाठवायची, रोज बुडाला तर बुडाला. एकीनं तिला चप्पल फेकून मारल्याची नोंद आहे. दुसऱ्या दिवशीही ती दारातच. पाच वर्षांत त्या पाळणाघरात गोळी बंद झाली. आज सोलापुरात तिचं नाव कुणाला माहीत नाही.

पुस्तकात मी एवढंच लिहिणार होतो.

पण त्याच दप्तरात तपासणीला आलेल्या बाईंनी तिला विचारलंय, तुला गोळीची एवढी चीड का? तिचा जबाब आहे, खाली अंगठा. तुम्ही सांगता, तुमचा धाकटा भाऊ संगप्पा तापानं गेला आणि त्या दुःखात अव्वा तुम्हाला आजोळी सोडून निघून गेली. तुम्ही चार वर्षांच्या होता, तुम्हाला तसंच सांगितलं असणार.

जबाबात आहे: "सुगीचे दिवस होते. पोर रडत होतं. गोळी मीच दिली, जरा मोठी. तो उठला न्हाय. आता थोरलीला कुशीत घ्यायला हात धजत न्हाय."

थोरली म्हणजे तुम्ही.

हे आधीच वाचलेलं होतं, म्हणून दिवाळीत मी तो अर्ज रचला. तुम्हाला त्रास नको म्हणून, असं म्हणणार होतो. तसं नाही. तुमच्या तोंडावर हे सांगायची छाती नव्हती. आजही नाही, कागदावर सांगतोय.

जबाबाची झेरॉक्स यातच घडी घालून ठेवलीय. पुस्तकात तो घालायचा का नाही, तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर ते पुस्तक होणार नाही. त्या जबाबाशिवाय मला मल्लव्वा लिहिता येत नाही.

आत काठी वाजली. उठलात वाटतं. पत्र कडीत अडकवतोय. अक्कलकोटची गाडी लागली असेल.

मागनं हाक मारू नका, अज्जी. मी थांबेन.

निघालेला,
संगमेश