भिंगरीचं घर

प्रिय कप्तान,

तुझा निरोप मिळाला. अनाथाश्रमाच्या वर्धापनदिनाला देणगी देणारे पाहुणे येणार म्हणून तू सांगितलेली सगळी कामं उरकली आहेत. हॉल धुऊन घेतला, कुरकुरणारा पंखा दुरुस्त करून घेतला, न्हाणीघराच्या दारांना नव्या कड्या बसवल्या. खुर्च्या मांडून झाल्या, पुढची रांग गादीच्या खुर्च्यांची आहे. भिंतीवरचा तुझा मोठा फोटोही पुसला, दोन मुलांना कडेवर घेतलेला. कॉलेजात तू खो-खोच्या संघाचा कप्तान होतास, तेव्हा हरलेला सामनासुद्धा असा रंगवून सांगायचास की ऐकणाऱ्याला वाटावं, कप आपणच आणला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

मला इकडे, या परक्या देशात, बोलवायला आलास तो दिवस मी विसरलेले नाही. मी मामाच्या घरी मागच्या खोलीत राहत होते, शाळेत शिकवत होते. सात वर्षांची असताना आई गेली, वडील त्याच्या आधीच. मामी वाईट नव्हती, पण त्या घरात मी कायम पाहुण्यासारखी जेवले. आजही कुणाकडे दुसऱ्यांदा भाजी मागायला माझी जीभ रेटत नाही. हे मी एकट्या तुला सांगितलं होतं. आणि तू माझ्यासमोर बसून म्हणालास, "तिकडं अशीच पोरं आहेत गं. त्यांना शिकलेली बाई नकोय, आईवाचून वाढणं म्हणजे काय हे कळणारं माणूस हवंय." लग्नाचं मागाहून बघू, आधी मुलं, असंही म्हणालास. मी नोकरी सोडली. मामानं विमानतळावर डोळे पुसले. मामीनं मात्र विचारलं, की हा मुलगा सगळ्यांच्या पोरांची काळजी करतो, तुझी कधी करणार? मला तेव्हा तिचा राग आला होता.

इथं आल्यावर भाषा मला मुलांनीच शिकवली. मी "हात धुवा" म्हणायचे त्यांच्या भाषेत, पण माझ्या उच्चारामुळे ते त्यांना "गाढव धुवा" असं ऐकू यायचं, आणि सगळी वरात एकमेकांना ढकलत नळाकडे जायची. उवा काढल्या, नखं कापली, अंथरुणं ओली करणाऱ्यांची अंथरुणं कुणाला कळू न देता वाळवली. तुला वाटेल, ही उपकार मोजतेय. तसं नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि नेमके तेच तू नासवलेस.

भिंगरी तुझ्या लक्षात असेल असं वाटत नाही. तिचं हे नाव मीच ठेवलं होतं, एका जागी बसायची नाही म्हणून. फक्त फाटकासमोरच्या खिडकीत तेवढी बसायची. आई कधी येणार, हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, अगदी दूधवाल्यालाही. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, तिची आई वारली आहे, पोरगी मानायला तयार नाही, तूच एकदा नीट समजावून सांग, तुझं ती ऐकेल. मी तिला मांडीवर घेतलं. माझी आईसुद्धा अशीच गेली, असं सांगितलं. गेलेली आई परत येत नाही, असंही सांगितलं. ती माझ्या दंडाला कडकडून चावली. मग तिनं विचारणं सोडलं, आणि हळूहळू धावणंही. सांगितलेल्या जागी शहाण्यासारखी बसून राहायला लागली. तू तेव्हा मला शाबासकी दिली होतीस.

मग तू काही महिन्यांसाठी पाहुण्यांना भेटायला त्यांच्या देशात गेलास, आणि भिंगरीची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरकडून आम्ही बसनं परतत होतो. शिंप्यांच्या दुकानांची ओळ लागली तशी ती उभी राहिली. बस सिग्नलला थांबली आणि ही माझा हात सोडून खाली. मी हाका मारत मागून धावले. सायकलवाल्याच्या कोपऱ्यावर वळून ती एका बोळात शिरली. न चुकता, न थांबता. बोळात एक बाई चादर पिळत होती. तिच्या हातून चादर खाली पडली. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं पोरीचं डोकं हुंगलं, तोंड उघडायला लावून पडलेल्या दातांच्या जागा बोटानं चाचपल्या. मग माझ्याकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, "बाई, शाळेला सुट्टी लागली का?"

कप्तान, तिच्या पायरीवर बसून मी तिच्याकडून सगळं ऐकलं. तू तिला वसतिगृहाची शाळा सांगितली होतीस. आईबाप भेटले की मुलांचं अभ्यासात मन लागत नाही, म्हणून भेटायची मनाई. तरी ती फाटकावर आली होती, पुन्हापुन्हा. रखवालदारानं पोरीला दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवल्याचं सांगून तिला वाटेला लावलं. तिचं घर आपल्यापासून एवढ्याशा अंतरावर, आणि त्या दोन ठिकाणांच्या मध्ये तू मला उभं केलंस, माझ्या मेलेल्या आईसकट.

भिंगरीला मी परत आणलं नाही. दुसऱ्या दिवशी बालकल्याण कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी बाईंना तुझा संशय होताच, आतलं माणूस बोलत नव्हतं. मी बोलले. आपली स्वयंपाकीणही बोलली, पोळपाटावर हात तसाच ठेवून, मान खाली घालून. मग अधिकारी बाई आणि मी दारोदार फिरलो. कुणाची आई निघाली, कुणाचा बाप, कुणाची आजी. ठेंगूचे तर दोघंही निघाले, वर पाठीवरची बहीणसुद्धा. ती त्याच्याहून उंच झाली आहे, याचाच त्याला जास्त धक्का बसला. एकेक करून मुलं आपापल्या माणसांचं बोट धरून गेली. दोघे भाऊ तेवढे खरोखर पोरके होते. त्यांना स्वयंपाकिणीनं घरी नेलं, कचेरीच्या परवानगीनं. रात्री धाकटा तिच्या नवऱ्याच्या पोटावर झोपतो म्हणे.

रखवालदाराला अधिकारी बाईंनी तोंड बंद ठेवायची तंबी दिली होती. या सगळ्या काळात तू फोन करत होतास. "मुलं बरी आहेत ना?" एवढंच विचारायचास. एकाही मुलाचं नाव कधी घेतलं नाहीस, म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही. मुलं बरी होती. आपापल्या घरी होती.

मला वाटलं होतं, सगळी मुलं गेली की राग ओसरेल. उलट रिकाम्या खाटा बघून तो वाढला. देवानं बघून घ्यावं असं म्हणून सोडून देणाऱ्यांतली मी नाही. मला स्वतःला बघायचं आहे.

हे पत्र मी ड्रायव्हरकडे दिलं आहे. पाहुणे गाडीत नीट बसले, गाडी विमानतळाबाहेर पडली की तुझ्या हातात द्यायचं, असं त्याला सांगितलं आहे. मुद्दाम मराठीत लिहिलं आहे, त्या गाडीत तुझ्याशिवाय ते कुणाला वाचता येणार नाही. कुणाचं पत्र म्हणून पाहुणे विचारतील, काहीतरी सांग. गाडी थांबवून उतरावंसं वाटेल, पण उतरलास तर का, तेही सांगावं लागेल. हॉलमध्ये गाणं म्हणायला मुलं नाहीत. खुर्च्यांवर त्यांच्या आया बसल्या आहेत, बाप आहेत, आज्या आहेत, अधिकारी बाई आहेत आणि त्यांच्याबरोबर आलेले दोन पोलीस. पाहुण्यांसाठी दुभाषीही बोलावला आहे, एकही शब्द वाया जायला नको म्हणून. शहर ओलांडायला गाडीला बराच वेळ लागतो. तो सगळा वेळ तू पुढे काय आहे हे जाणून, पाहुण्यांशी गोड बोलत, इकडेच येत राहावंस, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. मी दाराशीच उभी आहे.

कधीकाळी तुझीच असलेली,
मी